निवांतपूरची मालकी

"दाजी रुसलेत," निनाद फोनवर म्हणाला.

"कशावरून?"

"तू त्यांना उड्डाणपूल बांधू दिला नाहीस म्हणून."

मी तेव्हा बार्शीत एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायचं काम करत होते आणि त्या क्षणी एका बंगल्यात तिसरा संडास कुठं बसवायचा या विवंचनेत होते. मी पेन्सिल खाली ठेवली.

"निनाद, निवांतपुरात मोटारी नाहीत. बैलगाड्या आहेत. त्याही मोजक्या."

"ते मी सांगितलं त्यांना."

"मग?"

"म्हणाले, विकासाला आडवी येणारी माणसं घरात नकोत."

मला हसू आलं, पण निनाद हसत नव्हता. आमचा साखरपुडा झालेला होता, पत्रिका छापायला टाकलेल्या होत्या आणि मुकुंददाजी म्हणजे निनादच्या घरचे, हलकुड्यांचे, एकुलते एक जावई होते. दाजी रुसले की त्यांची बायको, म्हणजे निनादची बहीण स्वरूपाताई, हळदीला यायची नाही. ती आली नाही तर करवलीशिवाय नवरदेव उभा कसा करायचा? आणि मग लातूरपासून बार्शीपर्यंत सगळ्या नातेवाइकांना वर्षभर पुरेल एवढा विषय मिळणार होता. लग्नं हुंड्यावरून मोडलेली मी ऐकली होती, पत्रिकेवरून मोडलेली ऐकली होती. माझं लग्न मोबाइलच्या खेळातल्या उड्डाणपुलावरून मोडायची वेळ आली होती.

निवांतपूर हे माझं गाव. खेळातलं. पुष्कळांनी मिळून एक गाव वसवायचं, असा तो खेळ होता. मी ते गाव ओसाड माळावर एका झोपडीपासून उभं केलं होतं. त्याला एक तळं होतं, खाण होती, शेतं होती, कुंभारांची एक गल्ली होती आणि मधोमध सगळ्यांचं मिळून एक कोठार होतं. धान्य, लाकूड, दगड, जे काही असेल ते त्या एकाच कोठारात. धान्य संपलं की गावातली माणसं डोक्यावर बोचकी घेऊन वेशीबाहेर पडत आणि गेलेली माणसं पुन्हा येत नसत. दिवसभर लोकांच्या घरांचे नकाशे लोकांच्या मर्जीप्रमाणे काढल्यावर संध्याकाळी मला माझ्या मर्जीचं एक गाव लागायचं, एवढाच माझा त्यात स्वार्थ.

खेळात येणाऱ्या प्रत्येकाला मालकानं हक्क द्यायचे असत. मालक एकच, म्हणजे मी. त्याच्या खाली कारभारी. त्यानं बांधावं, पाडावं, कोठारातलं हवं ते काढावं. त्याच्या खाली गवंडी. त्यानं फक्त बांधावं. आणि सगळ्यात शेवटी पाहुणा. नवीन येणारा प्रत्येक जण आपोआप पाहुणा होई. त्यानं गावात फिरावं, रानातलं काही वेचून आणावं आणि ते कोठारात टाकावं, बस्स. कोठारातून एक दाणाही काढायची त्याला मुभा नसे. ही मराठी नावं अर्थात मी ठेवलेली.

साखरपुड्यानंतर निनादनं विचारलं होतं, "मला घेशील का तुझ्या गावात?" मी त्याला गवंडी केलं. त्यानं तळ्याकाठी एक बाक बांधला आणि मला निरोप पाठवला, "बसायला जागा केली आहे." पुढचा हक्क त्यानं कधी मागितला नाही, मीही दिला नाही. आमचं बरं चाललं होतं. मग त्यानं कौतुकानं आपल्या घरी सांगितलं आणि हलकुड्यांकडून एकदम तीन नावं आली. एक स्वरूपाताईंचं, एक "मुकुंद कन्स्ट्रक्शन्स" असं, आणि एक नुसतं "मंदा". ही मंदा स्वरूपाताईंची कोणी मैत्रीण असेल, असं मी धरून चालले. तिघांनाही गावात घेतलं आणि खेळाच्या नियमाप्रमाणे तिघंही पाहुणे झाले.

आता मुकुंददाजी हे डांबरी रस्त्यांचे कंत्राटदार. बाहेरच्या जगात त्यांना टेंडर भरावं लागे, साहेबांच्या दारात तिष्ठावं लागे, बिल निघेपर्यंत चपला झिजवाव्या लागत. सासरी मात्र ते नाकावर माशी बसू देत नसत. पंगतीत पहिलं ताट त्यांचं, गाडीत पुढची सीट त्यांची, टीव्हीचा रिमोट त्यांचा. असा माणूस निवांतपुरात शिरला, मोकळी जागा बघून त्याचे हात शिवशिवले, त्यानं पूल बांधायला घेतला आणि पडद्यावर अक्षरं उमटली की आपल्याला हा अधिकार नाही, आपण पाहुणे आहात. दाजींनी म्हणे मोबाइल सोफ्यावर आपटला.

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. बाबा मुलीकडचे, त्यातून स्वभावानं गरीब. त्यांचा चहा जागच्या जागी गार झाला.

"देऊन टाक की गं एकदाचा तो हक्क," ते म्हणाले. "खेळच आहे ना?"

"खेळच आहे तर ते का रुसलेत?"

"हे बघ, मांडवात व्याह्यांना टोपी-उपरणं देतो आपण. ते काय रोज घालून हिंडतात का? मान असतो तो. दिला की ते 'कशाला, कशाला' म्हणतात नि घडी करून पिशवीत ठेवतात. तूही मान म्हणून दे. ते काही खरोखर कारभार करायला बसणार नाहीत."

बाबांचं म्हणणं आमच्या रीतीला धरून होतं. मलाही ते पटलं. मी दाजींना कारभारी केलं आणि वर निरोप लिहिला, "आपल्यासारख्या जाणत्या माणसाची गावाला गरज आहे." दाजींचं उत्तर लगेच आलं. "उशिरा का होईना, कळलं."

दाजींनी घडी करून पिशवीत ठेवलं नाही. टोपी डोक्यावर घातली, उपरणं कमरेला बांधलं आणि कामाला लागले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी गावात डोकावले, तर कुंभारांची गल्ली गायब. त्या जागी खांब. खांबांना दगड लागतात म्हणून त्यांनी खाणीतला दगड संपवला होता आणि तो पुरेना म्हणून कोठारातलं धान्य व्यापाऱ्याला देऊन आणखी दगड आणला होता. संध्याकाळपर्यंत पूल उभा राहिला. तो सुरू होत होता माळावर आणि संपत होता तळ्यात. वर पाटी होती, "मुकुंदराव उड्डाणपूल, प्रथम टप्पा".

"प्रथम टप्पा म्हणजे?" मी निनादला फोनवर विचारलं. माझा आवाज चढला होता.

"दुसराही आहे," तो दबकत म्हणाला. "तळ्यावरून पलीकडे नेणार आहेत."

"पलीकडे काय आहे?"

"काही नाही. पण नेल्यावर होईल म्हणतात."

मी चिडले. खोटं कशाला बोलू, मी रडलेही. कुंभारांच्या गल्लीतलं एकेक घर मी वेगळं काढलं होतं, कुणाला ओटा, कुणाला परसात झाड. पण हक्क काढून घ्यावा तर दिलेला मान परत घेतल्यासारखं झालं असतं आणि तो रुसवा पहिल्यापेक्षा मोठा झाला असता. इकडे आड, तिकडे विहीर. रात्र संपेपर्यंत धान्य सरणार आणि सकाळी माणसं बोचकी बांधणार, हे मला आकड्यांवरून स्वच्छ दिसत होतं. मी मोबाइल बंद करून झोपले.

सकाळी घाबरत घाबरत उघडून पाहिलं. एकही माणूस गेला नव्हता. कोठारात थोडं का होईना, खाण्याचं सामान होतं. रताळी, बोरं, जांभळं, असलं रानातलं. दुसऱ्या दिवशी दाजींनी पुन्हा कोठार खरडलं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तळाशी काहीतरी येऊन पडलेलं होतं. हे रोजच व्हायला लागलं. दाजी ओरबाडत होते आणि कोणीतरी गुपचूप भरत होतं. मला वाटलं, हा निनाद. मी एवढी विरघळले की त्याच दिवशी फोन करून त्याचे आभार मानले.

तो आधी हसला. मग तो म्हणाला, "श्रेय घ्यायला आवडलं असतं गं. पण मी नाही. गवंड्याला रानात जाताच येत नाही, विसरलीस का?"

विसरले होते खरी. पण मग कोण? स्वरूपाताई तर पहिल्या दिवसानंतर फिरकल्या नव्हत्या. मी बुचकळ्यात पडले आणि लग्नाच्या गडबडीत ते तसंच राहिलं.

मग बस्त्याचा दिवस आला. आम्ही लातूरला गेलो. दुकानात सकाळभर साड्यांचे ढीग उलगडून झाले, मानाची पातळं, शालू, दाजींचा सफारी, सगळं ठरलं, गठ्ठ्यांना हळदकुंकू लागलं आणि आम्ही सगळे जेवायला हलकुड्यांच्या घरी आलो. पुरुषांची पंगत उठली, आम्हा पाहुण्यांची उठली. निनादची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून कुणाला सुपारी, कुणाला पाणी बघत होती. त्यांना मी तेव्हा काकू म्हणत असे. काकूंचं जेवण व्हायचं होतं.

सतरंजीवर लोडाला टेकून दाजींनी विषय काढला.

"तात्या, एक बोलायचं होतं. लग्नाच्या आधीच बोललेलं बरं."

तात्या म्हणजे निनादचे वडील. फार न बोलणारे, त्यामुळे जे बोलतील ते शेवटचं. त्यांनी मान हलवली.

"ते गाव हो. खेळातलं. मी कारभारी आहे, पण मालकी अजून शलाकाच्या नावावर. आता दुसरा टप्पा गावाच्या हद्दीबाहेर जातोय, त्याला मालकाची परवानगी लागायलीय. किती ठिकाणी परवानग्या मागायच्या माणसानं? बाहेर बी तेच, घरात बी तेच. लग्नानंतर सगळं एकच होणार ना? मग आत्ताच घरच्या माणसाच्या नावावर करून टाका. विषय संपला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती. तात्यांनी डोळे मिटले, उघडले.

"करून टाका," ते म्हणाले. "पोरीच्या जातीनं कशाला ताणायचं एवढ्यासाठी?"

गावाचं राहू द्या. या घरात मी राहायला येणार होते, आयुष्यभरासाठी, आणि इथं एखादी गोष्ट माझी आहे म्हणजे नक्की किती वेळ माझी आहे, याचं उत्तर मला लोडाला टेकलेली माणसं देत होती. मी "नाही" म्हटलं असतं तर गठ्ठे तिथंच राहिले असते. "हो" म्हटलं असतं तर मी पुढं कधीच "नाही" म्हणू शकले नसते. मी निनादकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"निनाद, तू सांग," दाजी म्हणाले. "तुझं काय म्हणणं?"

निनाद कान खाजवत बसला होता. "मला विचारून काय उपयोग, दाजी?" तो म्हणाला. "मी गवंडी आहे. मालकीचं मालकाला विचारा."

माझे बाबा नको तिथं हसले आणि त्यांनी ते खोकल्यात लपवलं. दाजींचा चेहरा पडला, मग लाल झाला. त्यांनी गुडघ्यावर हात टेकले. ही उठायची तयारी होती. स्वरूपाताई घाईघाईनं पर्स शोधायला लागल्या. एकदा जावई बस्त्याच्या दिवशी उंबरा ओलांडून गेला की त्याला परत आणायला गावातली चार माणसं घालावी लागतात.

"शलाका," स्वयंपाकघराच्या दारातून काकूंचा आवाज आला, "मला एक सांग. त्या कोठारात टाकता येतंय, पण काढता येईना. असं का गं?"

सगळे तिकडे वळले. काकूंच्या हातात स्वरूपाताईंचा जुना टॅब होता, काचेला कोपऱ्यात तडा गेलेला.

"आई, तू?" स्वरूपाताई म्हणाल्या. "ते नाव मी गंमत म्हणून घातलं होतं तुझं."

"मग मी बी गंमत म्हणूनच बघितलं," काकू म्हणाल्या. "दुपारी जरा पडते तेव्हा बघते. जावईबापूंनी पूल बांधायला काढला, सगळं धान्य गेलं. ती बारकी बारकी माणसं वेशीजवळ जाऊन उभी राहायली. बघवेना मला. मग रानातलं वेचून टाकत गेले. मासे बी धरता येतात त्या तळ्यात, पण आपल्यात चालत नाहीत, म्हणून नाही धरले."

मंदा. मंदाकिनी. पत्रिकेवर त्या सौ. हलकुडे होत्या, घरात आई होत्या, दाजींना मामी होत्या, मला काकू. त्यांना स्वतःचं एक नाव असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"परवा म्हणलं, आपणच एवढं टाकलंय, त्यातलं थोडं घ्यावं नि तळ्याकाठी एक तुळस लावावी," त्या पुढे म्हणाल्या. "तर येईना. मला वाटलं, माझंच काही चुकायलंय."

"तुमचं नाही चुकलं, काकू," मी म्हटलं. "तुम्ही तिथं पाहुण्या आहात ना. पाहुण्यानं फक्त टाकायचं असतं. काढायचं नसतं, बांधायचं नसतं, काही बदलायचं नसतं. तसा नियमच आहे."

काकू मोकळेपणानं हसल्या.

"अगंबाई! म्हणजे इथल्यासारखंच की."

त्या कुणाला टोचून बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच मौज वाटली होती, ओळखीचं कोणीतरी परगावी भेटावं तशी. पण तात्या सुपारी चघळत होते, ते थांबले. दाजींचे हात गुडघ्यावर तसेच राहिले. स्वरूपाताईंनी पर्स खाली ठेवली आणि आईकडे अशा पाहत राहिल्या की मलाच भरून आलं.

मी मोबाइल काढला. मालकी बदलायला खेळ दोनदा विचारतो, खात्री आहे का. दोन्ही वेळा मी "हो" केलं.

"दाजी, तुमचं बरोबर आहे," मी म्हटलं. "घरच्या माणसाच्या नावावर केलं. आता गाव काकूंचं."

दाजींनी गुडघ्यावरचे हात काढले. मेव्हण्याच्या होणाऱ्या बायकोवर रुसता येतं, सासऱ्यावरही रुसता येतं. पण आत्ताच पंगतीत आपल्यासाठी तीनदा गरम पोळी आणून वाढणाऱ्या, अजून स्वतः न जेवलेल्या सासूवर सगळ्यांदेखत कसं रुसायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

काकू टॅबकडे बघत होत्या. "हे काय काय यायलंय गं?"

"तुम्हाला आता सगळं करता येतं, काकू. कुणाला काय हक्क द्यायचे, तेही तुम्हीच ठरवायचं."

"तुला बी?"

"मला बी."

त्यांनी चष्मा वर केला. "तुला कारभारी करते. गाव तूच मांडलंयस. निनादला गवंडीच राहू दे, बरा शोभतोय. आणि जावईबापू..."

दाजी सावरून बसले.

"तुम्ही बी गवंडी व्हा. बांधायची हौस आहे ना तुम्हाला? बांधा की, कोण नको म्हणतंय! पाडायचं तेवढं मला विचारून."

"मामी, तुम्ही म्हणाल तसं," दाजी म्हणाले. त्या खोलीतलं ते पहिलं शहाणपणाचं वाक्य होतं.

बाबांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. स्वरूपाताई उठल्या, आईच्या हातातला टॅब काढून घेतला, तिला पाटावर बसवलं आणि तिचं ताट वाढायला आत गेल्या. मीही पाठोपाठ गेले. मला त्या घरात कसं राहायचं ते कळलं होतं आणि कुणाच्या आधारानं, तेही.

लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. दाजी आले, करवली आली, आणि नवरदेवाच्या गाडीत पुढच्या सीटवर काकू बसल्या. त्यांना कुणी बसवलं नव्हतं. त्या आपण होऊन बसल्या आणि दाजींनी दार लावून घेतलं.

आता या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. माणसं सांगतात की खेळ पोरांना बिघडवतात, तेव्हा मी काही बोलत नाही. मला आठवतो लग्नानंतरचा आमचा पहिला उन्हाळा. दुपारी मी आणि आई, आता मी त्यांना आई म्हणू लागले होते, पंख्याखाली गावात हिंडत होतो. त्यांनी तळ्यापलीकडे एक खोली बांधली. एकच, पाण्याकडे खिडकी असलेली. बांधून झाल्यावर खेळानं काहीतरी विचारलं.

"हे काय म्हणायलंय?"

"आत कुणाकुणाला येऊ द्यायचं, ते विचारतंय."

त्यांनी टॅब जवळ ओढला. "कुणालाच नाही, असं चालतं का गं?"

"चालतं, आई."

त्यांनी बोट टेकवलं आणि टॅब पालथा घालून झोपल्या.

तात्या त्या खेळाला "रिकामटेकडेपणा" म्हणत. पण घरातली सगळी माणसं तिथं असल्यावर एकटं बाहेर किती दिवस बसणार? तेही हळूच आत आले होते, अर्थात पाहुणा म्हणून. त्या संध्याकाळी आम्ही चहा घेत होतो. तात्या मोबाइल डोळ्यांजवळ धरून पुन्हा पुन्हा बोट मारत होते. शेवटी ते म्हणाले,

"अगं ए, तळ्यापलीकडचं दार मला उघडंना."

आईंनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

"वाजवा की," त्या म्हणाल्या. "मला वाटलं तर उघडीन."